एफएम सोडून शहर आणि राजकारणावर स्वतंत्रपणे बोलायचे असेल तर

पुण्यातील एका खासगी एफएम वाहिनीवर बरीच वर्षे सकाळचा कार्यक्रम करणाऱ्या एका आरजेने विचारले आहे की, नोकरी सोडून यूट्यूब आणि पॉडकास्टवर स्वतःचा कार्यक्रम सुरू करायचा आहे, विषय शहराचे जगणे आणि चालू राजकारण हा आहे, आणि रेडिओवर जे बोलता येत नाही ते बोलण्यासाठीच बाहेर पडायचे आहे; तर तयारी कशाची करावी? मी आधी एफएममध्ये आणि नंतर स्वतंत्रपणे हेच काम करत आलो आहे. कॅमेरा, माइक आणि स्टुडिओ यांविषयी मी फारसे लिहिणार नाही, कारण आवाज कसा लावायचा हे तुम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. अडचण वेगळ्या ठिकाणी येते.

आधी ‘रेडिओवर जे बोलता येत नाही’ म्हणजे नेमके काय, हे नियमांतून समजून घ्यावे, कारण आपल्यातले अनेक जण वर्षानुवर्षे तो नियम न वाचताच पाळत असतात. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. २००१ मध्ये बंगळूरूला पहिली खासगी एफएम वाहिनी सुरू झाली. पण बातम्या आणि चालू घडामोडी या वाहिन्यांना कधीच मोकळ्या झाल्या नाहीत. खासगी एफएमसाठीच्या २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने एवढीच मुभा दिली की, आकाशवाणीचे बातमीपत्र काहीही बदल न करता प्रसारित करता येईल. वाहतूक, हवामान, क्रीडास्पर्धा, सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा आणि प्रवेश, तसेच वीज, पाणी, आपत्ती यांविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना या ‘बातमी’ समजल्या जाणार नाहीत, असेही त्यात म्हटले आहे. या बंदीला आव्हान देणारी ‘कॉमन कॉज’ संस्थेची याचिका २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली, आणि दूरसंचार व प्रसारण क्षेत्राच्या नियामकाने, म्हणजे ट्रायने, सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्यांना परवानगी द्यावी अशी शिफारसही केली. पण शिफारस म्हणजे परवानगी नव्हे. सामुदायिक रेडिओ हा मार्ग अनेकांना सुचतो; तो परवाना एकट्या व्यक्तीला मिळत नाही आणि बातम्यांची बंदी तिथेही आहेच, तेव्हा तो विचार सोडून द्यावा.

‘स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना’ या शब्दांवर थोडे थांबायला हवे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत शिरले. त्या सकाळी एफएमवरच्या आरजेला काय बोलता येत होते? विसर्ग वाढवला आहे, भिडे पूल पाण्याखाली गेला आहे, नदीपात्रातला रस्ता बंद आहे, पर्यायी मार्गाने जा, मदतीसाठी या क्रमांकावर फोन करा. हे सगळे चालते, आणि ते उपयोगाचेही असते. ते कमी लेखू नये. पण जलसंपदा विभागाने महापालिकेला किती वाजता कळवले, महापालिकेने सोसायट्यांना किती वाजता कळवले, लोक झोपेत असताना पाणी घरात शिरेपर्यंत मधला वेळ कुठे गेला, आणि निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीच्या नेहमीच्या पुराच्या हद्दीच्या, आत ही वस्ती आणि हा भराव कोणाच्या सहीने उभा राहिला, यातला एकही प्रश्न त्या चौकटीत बसत नाही. प्रशासनाने दिलेली माहिती सांगता येते. त्याच माहितीविषयी प्रशासनाला विचारायला गेले की ती चालू घडामोड होते. तुम्हाला बाहेर पडून ज्या जागेत उभे राहायचे आहे ती जागा हीच आहे, आणि माझ्या मते ‘राजकारणावर बिनधास्त मत’ या जागेपेक्षा ती कितीतरी मोठी आणि रिकामी आहे. मत देणाऱ्यांची आज अजिबात टंचाई नाही.

आता थोडे कडू वाटेल असे सांगतो. रेडिओने तुम्हाला आवाज दिला, श्रोत्याशी जवळीक दिली, नव्वद सेकंदांच्या लिंकमध्ये, म्हणजे दोन गाण्यांमधल्या बोलण्यात, एक मुद्दा पोहोचवण्याची हातोटी दिली. पण पुरावा जमवण्याची सवय दिली नाही, कारण त्या कामाची तिथे गरजच नव्हती. खड्ड्यांवर लिंक करताना श्रोत्याला जे वाटते तेच आपण अधिक चांगल्या शब्दांत परत त्याला ऐकवतो. तो हसतो, पुढचे गाणे लागते आणि प्रश्न संपतो. स्वतंत्र कार्यक्रमात पुढचे गाणे नसते. चाळीस मिनिटे बोलायचे तर त्या खड्ड्याचा ठेकेदार कोण हे तुम्हाला माहीत असावे लागते. शिवाय ज्या श्रोत्यांनी तुमच्यावर विश्वास टाकला तो गाणी, गप्पा आणि सकाळच्या सोबतीसाठी टाकला होता. राजकारणाच्या बाबतीत तो विश्वास तुम्ही अजून कमावलेला नाही, आणि पहिल्याच महिन्यात एखाद्या पक्षावर तावातावाने बोललात तर निम्मे श्रोते ‘हा पण त्यांचाच निघाला’ असे म्हणून निघून जातील.

म्हणून माझा सल्ला असा की, सुरुवातीचे काही महिने विषय फक्त महापालिका ठेवावा, आणि प्रत्येक भाग एका कागदाभोवती उभा करावा. उदाहरणादाखल तुमच्या भागातला, वर्षभरात पुन्हा पुन्हा खोदला गेलेला एखादा रस्ता घ्या. पथ विभागात त्या कामाची फाइल असते: निविदेची रक्कम, कार्यादेशाची तारीख, काम संपल्याचा दाखला, दोष दायित्वाचा कालावधी (ज्या काळात बिघाड ठेकेदारानेच दुरुस्त करून द्यायचा असतो), तपासणी कोणी केली त्याचा अहवाल. खोदाईची परवानगी कोणत्या कंपनीला किंवा महापालिकेच्याच कोणत्या खात्याला दिली, त्यासाठी किती शुल्क भरले आणि रस्ता पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणावर होती, हे कागद वेगळे असतात. दोन्ही संच शेजारी ठेवले की बहुतेक वेळा कोणताही घोटाळा नाट्यमय रीतीने उघड होत नाही. एवढेच दिसते की दोष दायित्वाचा काळ संपलेला नसताना ठेकेदाराला दुरुस्ती करायला कोणी सांगितलेच नाही आणि त्याच पट्ट्यासाठी नवी निविदा निघाली. श्रोत्याला हे कळते. त्याचा मालमत्ता कर त्यात असतो.

हे कागद मिळतात का? मिळतात, चिकाटी लागते. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे, अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची; पण त्याआधी त्याच कायद्याचे कलम ४ पाहावे, ज्यात प्रशासनाने न मागता कोणती माहिती जाहीर करायची ते सांगितले आहे. त्याहून कमी वापरली जाणारी सोय म्हणजे प्रत्यक्ष फाइल पाहणे. महेश झगडे पुण्याचे आयुक्त असताना २००९ मध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना महापालिकेतील अभिलेख पाहू देण्याची पद्धत सुरू झाली, आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने अशीच व्यवस्था जिल्हा आणि स्थानिक पातळीवरील कार्यालयांत करण्याचा आदेश काढला. ही सोय सध्या चालू आहे का ते आधी विचारून घ्यावे. फाइल मागितल्यावर ‘साहेब साइटवर गेलेत’ हे उत्तर मिळेल. तेव्हा तिथे बसून राहावे, भांडू नये, आणि कोणत्या फाइलची मागणी केली ते लेखी देऊन पोच घ्यावी. या पोचपावत्या जपून ठेवा, कारण ‘माहिती दिली नाही’ हे वाक्य पावतीशिवाय उच्चारायचे नसते.

राजकारण या मार्गाने आपोआप येते, आणि ते भाषणबाजीविना येते. पुणे आणि मुंबई महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे निवडून आलेले सभागृहच नव्हते. स्थायी समितीचे आणि मुख्य सभेचे अधिकार प्रशासकाच्या हाती होते, प्रशासक म्हणजे आयुक्त, आणि आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते. म्हणजे त्या काळात तुमच्या गल्लीतल्या ड्रेनेजचा प्रश्न विचारत वर जायला लागले की दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच मंत्रालय लागत होते. निवडणुका लांबल्या तेव्हा प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. तो वाद श्रोत्याला आकडे आणि कलमांच्या स्वरूपात कंटाळवाणा वाटतो, पण ‘तुमच्या भागाला नगरसेवक का नव्हता’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो कान देऊन ऐकतो. नगरसेवक काय करतो हे माहीत नसलेली मतदारांची एक पिढी या मधल्या काळात तयार झाली आहे, आणि तिच्याशी बोलण्यासाठी रेडिओची भाषा खरोखर उपयोगी पडते.

आता संरक्षणाचा भाग. मुंबईत रेड एफएमच्या मलिष्का यांनी २०१७ च्या पावसाळ्यात महापालिकेच्या कारभारावर विडंबनगीत केले, तेव्हा शिवसेनेच्या नगरसेवकांनी ५०० कोटींचा मानहानीचा दावा लावण्याची मागणी केली आणि महापालिकेने त्यांच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस काढली. त्यांच्यामागे वाहिनी होती, आणि पुढच्या वर्षी खड्ड्यांवर त्यांनी दुसरे गाणे केलेही. पण नोटीस वाहिनीच्या कार्यालयावर गेली नाही, घरावर आली, हे विसरू नये. वाहिनी पाठीशी असताना हे होते, तर तुमच्या घराचे वाढीव बांधकाम, मालमत्ता कराची थकबाकी आणि सोसायटीतला दुचाकीचा वाद हे सगळे आधी मिटवून घेतलेले बरे. यात मी विनोद करत नाही.

दुसरा धडा मार्च २०२५ मधला आहे. विनोदी कलाकार कुणाल कामरा यांच्या एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनानंतर खार येथील ज्या स्टुडिओत ते चित्रित झाले होते त्याची शिंदे गटाच्या कार्यकर्त्यांनी तोडफोड केली, आणि मग महापालिकेचे पथक तिथे बांधकाम पाडायला पोहोचले. बोलणारा दुसऱ्या राज्यात होता. किंमत जागा देणाऱ्याने मोजली. तुम्ही कोणाच्या स्टुडिओत चित्रीकरण करणार असाल, कोणाच्या कॅफेत श्रोत्यांची बैठक घेणार असाल, तर विषय काय आहे हे त्या माणसाला आधी स्पष्ट सांगणे ही सभ्यता आहे आणि व्यवहारही आहे.

कायद्याच्या बाजूने तीन गोष्टी पाहाव्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा आजही फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची शिक्षा होऊ शकते. त्यामुळे व्यक्तीच्या हेतूविषयी बोलू नये, कृतीविषयी बोलावे, आणि ज्याच्यावर भाग करत आहात त्याला प्रश्न लेखी पाठवून उत्तरासाठी दोन दिवस द्यावेत. उत्तर आले नाही तर तसे कार्यक्रमात सांगावे, ‘पळ काढला’ असे म्हणू नये. दुसरी गोष्ट माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१. छंद म्हणून एखाददुसरी चित्रफीत टाकणारा त्यात बातमीचा प्रकाशक ठरत नाही, पण व्यवसाय म्हणून सातत्याने चालू घडामोडी मांडणारा ठरू शकतो. पत्रकार निखिल वागळे आणि ‘द लीफलेट’ हे संकेतस्थळ यांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये या नियमांतील आचारसंहितेच्या काही भागाला स्थगिती दिली. सरकारी तथ्य-तपासणी कक्षाची नंतरची तरतूदही त्याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तरीही तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव आणि ईमेल चॅनेलवर ठेवणे, तक्रार आल्यावर चोवीस तासांत पोच देणे आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवणे एवढे करायला पैसे लागत नाहीत, आणि वकिलासमोर बसायची वेळ आली तर तेवढेच कामी येते. तिसरी गोष्ट, मूळ ध्वनिमुद्रण कधीही पुसू नका. ‘माझे वाक्य तोडून दाखवले’ या आरोपाला दुसरे उत्तर नसते.

करार आणि संगीत यांवर थोडक्यात. नोकरीत असताना केलेल्या कामाचा हक्क, वेगळे काही ठरलेले नसेल तर, कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मालकाकडे जातो. कार्यक्रमाचे नाव, तुमच्या तोंडची ती प्रसिद्ध हाळी, जुन्या लिंकचे ध्वनिमुद्रण यांतले काहीही बरोबर घेऊन निघू नका. ऑन-एअर नाव खरे नसून वाहिनीने दिलेले असेल तर ते कोणाचे, हे राजीनामा देण्याआधी करारात पाहा, आणि इन्स्टाग्रामचे खाते कोणाच्या ईमेलवर आहे तेही. नोकरी सुटल्यानंतर अमुक काळ दुसरीकडे बोलायचे नाही अशी अट बहुतेक करारांत असते. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही, पण सूचनाकाळात तुम्ही अजून नोकरीतच असता, तेव्हा त्या काळात चॅनेल सुरू करू नये. गाण्यांचे म्हणाल तर वाहिनीचे संगीत परवाने वाहिनीपुरते असतात. प्रसारणासाठी असलेला कलम ३१ ड चा वैधानिक परवाना इंटरनेटवरील प्रवाहाला लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स ही संगीत कंपनी आणि विंक हे गाण्यांचे ॲप यांच्या वादात २०१९ मध्ये म्हटले आणि २०२२ मध्ये खंडपीठानेही ते कायम केले. दहा सेकंद वाजवले तर चालते, हा आपल्या व्यवसायातला जुना गैरसमज आहे. शीर्षकधून कोणाकडून तरी रीतसर पैसे देऊन करून घ्या.

पैशाविषयी लोक शेवटी विचारतात, आणि निर्णय मात्र त्यावरच अडतो. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचे पाहणे लागते. लांब चित्रफितींवर निर्मात्याला ५५ टक्के मिळतात. तुमच्या नावावर सदस्यसंख्या पटकन गाठली जाईल, पण मराठी आशयाला मिळणारा दर कमी असतो, आणि दंगल, मृत्यू, निवडणूक असा विषय आला की त्या भागावर जाहिराती मर्यादित होतात. म्हणजे ज्या आठवड्यात तुमचे काम सर्वांत महत्त्वाचे असते त्याच आठवड्यात उत्पन्न घटते. आकडेवारीत अमेरिका आणि आखातातले मराठी श्रोते दिसतील, त्यांच्यामुळे दर सुधारतो. त्यांचे आईवडील कोथरूडला किंवा सिंहगड रस्त्याला राहतात म्हणून ते ऐकतात, हे लक्षात ठेवून विषय निवडावेत, परदेशातल्या विषयांकडे वळू नये.

उरतात ते प्रायोजक. रेडिओवर स्पॉट वेगळा वाजत असे आणि विक्री विभाग वेगळ्या मजल्यावर बसत असे. आता जाहिरात तुमच्याच आवाजात, तुमच्याच वाक्याला जोडून येणार. ती जाहिरात आहे हे स्पष्ट सांगण्याचे बंधन ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्यापेक्षा कडक असा एक नियम मी पाळतो: ज्याचे टेंडर, परवानगी किंवा थकबाकी महापालिकेत अडकलेली आहे त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. पुण्यात हा नियम लावला की बांधकाम व्यावसायिक जवळजवळ सगळे बाद होतात, आणि इथे जाहिरातीचा सर्वांत मोठा पैसा त्यांच्याकडेच आहे. राहतात ते मसाले आणि फराळवाले, सराफ, पुस्तकविक्रेते, एखादी सहकारी बँक (तिच्या संचालक मंडळावर कोण आहे ते पाहून), आणि दरमहा थोडी रक्कम देणारे श्रोते. हे श्रोते सुरुवातीला मोजके असतात, पण त्यांच्यापैकी कोणी फोन करून भाग थांबवायला सांगत नाही.

निवडणूक जवळ आली की आणखी एक पैसा दारात येतो. कोणीतरी ओळखीचा माणूस ‘भाऊंची एक छान मुलाखत करू, शहराच्या विकासावर’ असे म्हणत येतो, प्रश्न तोच पाठवतो, आणि पॅकेजमध्ये दोन रील धरलेल्या असतात. निवडणूक आयोगाच्या दृष्टीने ही पेड न्यूज आहे, आणि समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिरातीला आधी आयोगाच्या माध्यम प्रमाणन समितीचे प्रमाणपत्र लागते. लोकसभा आणि विधानसभेच्या वेळी मतदानाआधीच्या ४८ तासांसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६ आणि मतदानोत्तर अंदाजांसाठी १२६ अ हे वाचलेले असावे. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याचे आदेश वेगळे निघतात आणि ते प्रत्येक वेळी नव्याने पाहावे लागतात. उमेदवारांच्या मुलाखती जरूर कराव्यात, मात्र प्रभागातल्या सगळ्या प्रमुख उमेदवारांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ आणि कोणाकडूनही एक रुपया नाही, असे करावे. जो येणार नाही त्याचे नाव आणि पाठवलेले निमंत्रण दाखवावे.

तेव्हा राजीनाम्याआधी एक हिशेब मांडा: बांधकाम व्यावसायिक आणि उमेदवार हे दोन्ही स्रोत शून्य धरायचे, यूट्यूबचे उत्पन्न पहिले वर्षभर शून्य धरायचे, वकिलाचे आणि संकलकाचे पैसे मात्र पहिल्या महिन्यापासून धरायचे. त्यानंतर घर किती महिने चालते ते पाहा. वर्षापेक्षा कमी येत असेल तर अजून काही काळ सकाळचा कार्यक्रम करत राहा, आणि रजेच्या दिवशी महापालिकेत जाऊन फाइली पाहायला लागा. त्याला वाहिनीची परवानगी लागत नाही.